बियाणे दळायचे नसते

(द्वितीय वर्ष कला)

माझे वडील रंगारी आहेत. चित्रकार नव्हेत, रंगारी. लोकांची घरे, शाळेच्या भिंती, देवळाचा कळस, दुकानाची पाटी, जे काम येईल ते करतात. आमच्या घरी आंघोळीचे पाणी रंगाच्या रिकाम्या बादलीत काढले जाते आणि आईच्या दोन साड्यांवर ऑइलपेंटचे डाग आहेत. त्यामुळे रंग ही वस्तू मला लहानपणापासून ठाऊक आहे. चित्र ही वस्तू मात्र महाविद्यालयात आल्यावर भेटली. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा पुष्कळ गोष्टी मला इथेच पहिल्यांदा भेटत आहेत, त्यांतली ही एक.

प्रथम वर्षाला असताना इतिहासाच्या तासाला सरांनी स्पेनमधील यादवी युद्धाचा उल्लेख केला आणि जाता जाता पिकासोच्या 'गेर्निका' या चित्राचे नाव घेतले. तास संपल्यावर मी ग्रंथालयात गेले. चित्रकलेवरचे एक जाडजूड पुस्तक तिथे कपाटात कुलूपबंद होते. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर ते मिळाले, पण तिथेच बसून पाहायच्या अटीवर. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो घेतला आणि संध्याकाळी घरी अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिले, बोटांनी मोठे करून पाहिले. म्हणाले, "रंग का नाय दिला गं ह्यानं?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "आन् हे काढल्यानं लढाई थांबली का?"

दोन्ही प्रश्न साधे होते आणि मला एकाचेही उत्तर देता आले नाही. पुढे वर्षभर जमेल तसे वाचत गेले, चित्रे पाहत गेले. युद्धाविरुद्ध आणि अन्यायाविरुद्ध चित्रकार चित्र काढतो म्हणजे नेमके काय करतो, हे मला जसे समजले तसे इथे मांडते. मी चित्रकलेची विद्यार्थिनी नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, थांबली नाही. गेर्निका १९३७ साली काढले गेले. १९३९ साली स्पेनमध्ये बाँब टाकणाऱ्यांचीच बाजू जिंकली आणि त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. युद्ध थांबवलेले एकही चित्र मला आजवर सापडलेले नाही. परंतु वाचता वाचता एक उलटी गोष्ट लक्षात आली. चित्राने जर काहीच होत नसेल, तर राजे आणि सरकारे चित्राला इतकी बिचकतात का? कुणी पदक नाकारतो, कुणी पुस्तके जाळतो, कुणी पडदा टाकतो. ज्या वस्तूने काही बिघडत नाही ती जाळायला कोण कशाला काडी खर्ची घालील?

गेर्निका हे उत्तर स्पेनमधल्या बास्क मुलखातले जुने गाव. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. त्या दुपारी जर्मनीची आणि इटलीची विमाने आली आणि तीन तासांहून अधिक वेळ बाँबफेक करीत राहिली. ती जनरल फ्रँकोच्या बाजूने लढत होती. गाव बहुतेक जळून गेले. मग फ्रँकोच्या बाजूने कांगावा सुरू झाला की, पळून जाणाऱ्या शत्रूनेच गाव पेटवले. पिकासो त्या वेळी पॅरिसला होता. तिथल्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारचे दालन व्हायचे होते आणि त्यासाठी त्याच्याकडून एक मोठे चित्र मागितलेले होते. जानेवारीपासून त्याला विषय सुचत नव्हता. बातम्या वाचल्यावर १ मे रोजी त्याने पहिली रेखाटने केली आणि जूनच्या सुरुवातीला चित्र पुरे झाले.

हे चित्र सुमारे साडेपंचवीस फूट लांब आणि साडेअकरा फूट उंच आहे. मोबाइलवर ते बोटभर दिसते, म्हणून अण्णांच्या टेपने मी आमच्या घराची दर्शनी भिंत मोजली. अठरा फूट भरली. म्हणजे घोडा आणि बैल आमच्या भिंतीवर मावले असते, जळती बाई शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेली असती. अण्णा म्हणाले, "मंग शिडी लागली आसंल त्याला." त्यांचा अंदाज खरा होता. डोरा मार या छायाचित्रकार बाईने चित्र होत असताना घेतलेले फोटो आहेत आणि त्यांत शिडी दिसते.

चित्रात विमान नाही, बाँब नाही, जर्मन गणवेश नाही, फ्रँको नाही. मेलेले मूल मांडीवर घेऊन आक्रोश करणारी आई आहे, किंकाळी फोडणारा घोडा आहे, मोडकी तलवार मुठीत धरून पडलेला माणूस आहे, आगीत दोन्ही हात वर केलेली बाई आहे, वर एक विजेचा दिवा आहे. मारणारा कुठेच दिसत नाही. ज्याच्यावर पडले तोच दिसतो. मला आधी वाटले, ही चूक आहे. निषेध करायचा तर गुन्हेगाराचे नाव घ्यायला नको का? नंतर लक्षात आले की, चित्रात जर्मन विमान असते तर ते त्या एका दिवसाचे चित्र झाले असते. आता ते कुठल्याही गावावर बाँब पडला की त्या गावाचे होते. आणि रंग? काळा, पांढरा आणि राखाडी, एवढेच. घोड्याच्या अंगावर बारीक उभ्या रेघा आहेत, छापील मजकुरासारख्या. पिकासोला हे गाव वर्तमानपत्रातून कळले होते आणि वर्तमानपत्र तेव्हा काळे-पांढरेच असे. अण्णांना मी हे सांगितले. त्यांना ते अर्धेच पटले.

पुढे हे चित्र स्पेनसाठी मदत गोळा करीत फिरले. जानेवारी १९३९ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल या कामगारवस्तीतल्या कलादालनात ते लावले, तेव्हा तिकिटाऐवजी बूट मागितले होते. स्पेनमध्ये लढणाऱ्यांना पाठवता येतील असे धडके बूट. लोकांनी जोड्यांवर जोड्या आणून ठेवल्या. हे वाचल्यावर या चित्राविषयी माझे मत एकदम बदलले. तोवर मला ते मोठ्या माणसांचे, पुस्तकातले चित्र वाटत होते. ज्याच्यापुढे गिरणीतला कामगार आपले बूट काढून ठेवतो, ते चित्र काही निराळेच असले पाहिजे.

आणि आता पडद्याची गोष्ट. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत, सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर या चित्राची विणलेली प्रतिकृती १९८५ पासून लावलेली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकविरुद्ध बाजू मांडायला तिथे आले, तेव्हा तिच्यावर निळा पडदा टाकलेला होता. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना पाठीमागे साधी भिंत हवी, असे कारण देण्यात आले. पुढच्याच महिन्यात बगदादवर बाँब पडू लागले. पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका गावाचे चित्र, तेही मूळ नव्हे, सुताने विणलेले, आणि त्याच्यासमोर उभे राहून युद्धाची भाषा करणे अवघड व्हावे! लढाई थांबली नाही हे खरेच, पण ज्याला ती करायची होती त्याच्यापुढे चित्र आडवे आले असते, एवढे तरी त्या पडद्याने कबूल केले.

पिकासोच्या आधी सव्वाशे वर्षे स्पेनमध्येच गोया होऊन गेला. तो राजाचा दरबारी चित्रकार. १८०८ साली नेपोलियनचे सैन्य स्पेनमध्ये घुसले आणि पुढची सहा वर्षे कत्तल आणि दुष्काळ यांत गेली. गोयाने तांब्याच्या पत्र्यांवर ऐंशीहून अधिक चित्रे कोरली. त्यांत झाडाला लटकवलेली माणसे आहेत, मृतांचे कपडे ओरबाडणारे आहेत, भुकेने रस्त्यात पडलेल्या बाया आहेत. आणि क्रूरपणा दोन्ही बाजूंचा आहे. एका चित्राला त्याने 'मी हे पाहिले' एवढेच नाव दिले. ही मालिका त्याने हयातीत प्रसिद्ध केली नाही. तो १८२८ साली वारला आणि पत्रे पेटीत राहिले ते १८६३ साली छापले गेले. राजदरबारी रंगीत चित्रे काढणाऱ्या माणसाला जे दाखवता येत नव्हते, ते त्याने काळ्या शाईत करून ठेवले. गोयावर अधिक लिहायला हवे, पण मला ज्या दोघांविषयी लिहायचे आहे ते पुढे आहेत.

त्यांपैकी पहिली केथे कोलविट्झ. जन्म १८६७, जर्मनीचा. नवरा डॉक्टर होता आणि बर्लिनच्या गरीब वस्तीत दवाखाना चालवीत असे. दवाखान्यात येणाऱ्या कामगारांच्या बायका, त्यांची खोकणारी पोरे, हे तिचे पहिले विषय. १८९३ साली तिने विणकरांच्या उठावावरचे एक नाटक पाहिले. १८४४ साली सायलेशिया भागात हातमागाच्या विणकरांनी मजुरीसाठी उठाव केला होता आणि लष्कराने तो मोडून काढला होता. त्यावर तिने सहा चित्रांची मालिका केली. पहिल्या चित्रात मोर्चाही नाही आणि दगडफेकही नाही. एक अंधारी खोली, खाटेवर आजारी मूल, डोके दोन्ही हातांत धरून बसलेली आई आणि मागे माग. उठाव कुठून सुरू होतो हे यापेक्षा नेमके कसे सांगणार? १८९८ च्या बर्लिनमधील मोठ्या प्रदर्शनात ही मालिका लागली. मेंझेल या ज्येष्ठ चित्रकाराने तिला सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली आणि कैसर विल्हेल्मने ती फेटाळली.

या बाईच्या आयुष्यातली पुढची गोष्ट वाचताना मात्र मी पुस्तक मिटून ठेवले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. तिचा धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा होता. त्याला स्वयंसेवक म्हणून सैन्यात जायचे होते. एकवीस वर्षांखालच्या मुलाला वडिलांची परवानगी लागे आणि वडील ती द्यायला तयार नव्हते. पीटरने आईकडे पाहिले आणि आईने नवऱ्याची समजूत घातली. ऑक्टोबरमध्ये बेल्जममध्ये पीटर मारला गेला. घर सोडून त्याला दोन आठवडेही झाले नव्हते.

मी एकोणीस वर्षांची आहे. माझा चुलतभाऊ साडेअठराचा. तो पहाटे चार वाजता उठून भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावतो, कारण आमच्याकडे रान नाही आणि बारावीवर नोकरी नाही. त्याचे स्वप्न खोटे आहे असे मी म्हणणार नाही; घरात पगार येण्याचा तो एक सरळ मार्ग आहे. पण त्या दिवशी तो घामाघूम होऊन घरी आला आणि ओसरीवर बसून बूट सोडू लागला, तेव्हा मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले.

केथेला या दुःखाचे चित्र करायला वर्षे लागली. तांब्याच्या पत्र्यावर करून पाहिले, दगडावर करून पाहिले, मनासारखे होईना. अखेर १९२० च्या सुमारास ती लाकडाच्या ठशाकडे वळली. ठसा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. लाकडी फळीवर चित्र उलटे काढायचे. जे पांढरे हवे तेवढे लाकूड कोरून टाकायचे. उरलेल्या उंचवट्यावर शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद दाबायचा. कापडावर ठसे उठवतात तीच रीत. यात नाजूक छटा येत नाहीत. काळे ते काळे आणि पांढरे ते पांढरे. पण एका फळीवरून शेकडो प्रती निघतात. तैलचित्र एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाते. ठसा शिक्षकाच्या, कामगाराच्या घरी जाऊ शकतो. जुलमाविरुद्ध चित्रे काढणारे इतके चित्रकार ठशाकडे का वळले, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

'युद्ध' नावाची तिची सात ठशांची मालिका १९२०-२२ च्या काळातली. सात चित्रांत एक बंदूक नाही, एक शत्रू नाही. पहिल्यात एक उघडी आई आपले तान्हे मूल वर उचलून धरते, जणू कुणाला देऊन टाकते आहे. दुसऱ्यात ढोल वाजवणारा मृत्यू पुढे चालला आहे आणि त्याच्यामागे भारलेली तरुण पोरे. मृत्यूच्या अगदी शेजारचा चेहरा पीटरचा आहे. पुढे आईबाप, विधवा, आणि घोळका करून मुलांना मध्ये घट्ट धरलेल्या आया. पहिल्या चित्रातल्या आईकडे मी पुनःपुन्हा जाते. मूल देणारी ती आई केथे स्वतःच आहे, असे मला वाटते. लढाई करणाऱ्या कैसरवर तिला बोट रोखता आले असते. तिने पहिले चित्र स्वतःच्या हातांचे काढले.

१९२४ साली तिने तरुणांच्या एका मेळाव्यासाठी 'पुन्हा युद्ध नको' हे भित्तिपत्रक केले. एक हात शपथेसाठी वर केलेला तरुण आणि तिच्याच हस्ताक्षरातली अक्षरे. हे आजही जगभर मोर्चांमध्ये दिसते. १९३२ साली बेल्जममध्ये पीटरच्या दफनभूमीत तिने गुडघे टेकलेल्या आईबापांचे दोन दगडी पुतळे बसवले. त्या दोघांचे चेहरे तिचे आणि नवऱ्याचे आहेत. दोघे एकाच चौथऱ्यावर नाहीत. वेगवेगळे, आपापल्या दुःखात बसले आहेत. १९३३ साली हिटलर आला आणि प्रशियाच्या कला अकादमीतून तिला बाहेर पडावे लागले. तिथे निवडून आलेली ती पहिली स्त्री होती. तिची चित्रे प्रदर्शनांतून काढली गेली.

तिच्या शेवटच्या शिळाछाप चित्राचे नाव ऐकून मात्र मी चकित झाले. नाव आहे 'बियाणे दळायचे नसते'. मूळ वाक्य गटे या जर्मन कवीचे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, एका कवीने आणखी तरुणांनी लढायला पुढे यावे असे आवाहन केले होते. तेव्हा हेच वाक्य घेऊन तिने वर्तमानपत्रात त्याला विरोध केला होता. १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, पंचाहत्तरीला टेकलेल्या या बाईने त्याचे चित्र केले. एक थोराड म्हातारी आई आपले दोन्ही दंड पंखासारखे पसरून तीन मुलांना त्यांखाली दडपून धरते आहे. चित्र झाल्यावर काही महिन्यांनी तिचा नातू रशियात मारला गेला. त्याचेही नाव पीटर होते. ती स्वतः २२ एप्रिल १९४५ ला गेली. युरोपातले युद्ध त्यानंतर दोन आठवड्यांनी संपले.

आता आपल्या देशात येते, कारण युद्ध माणसे फक्त रणांगणावरच मारीत नाही. १९४३ साली बंगालमध्ये एकही मोठी लढाई झाली नाही, तरी माणसे लाखांनी मेली. सरकारी चौकशी आयोगाने आकडा सुमारे १५ लाख दिला. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ बंद झाला. जपानी आलेच तर त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीवरच्या होड्या काढून घेतल्या. म्हणजे कोळ्याची आणि शेतकऱ्याची वाहतूकच गेली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्याला चक्रीवादळाने झोडपले. सैन्याची आणि कलकत्त्याच्या कारखान्यांची गरज आधी भागवली गेली, साठेबाजांनी तांदूळ दाबला, भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, त्या वर्षी धान्य काही इतके कमी पिकले नव्हते. ते विकत घेण्याची ताकद गरिबाच्या हातून गेली होती. आणि दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करून मदतकार्य सुरू करण्याची जी सरकारी संहिता होती, ती शेवटपर्यंत लागू केली गेली नाही. म्हणजे माणसे मरत होती, पण कागदावर दुष्काळ नव्हता.

जे कागदावर नव्हते ते कागदावर आणण्याचे काम काही तरुण चित्रकारांनी केले. झैनुल आबेदिन यांनी कलकत्त्याच्या फुटपाथांवर मरणाऱ्यांची चित्रे वेष्टणाच्या स्वस्त कागदावर काळ्या शाईने काढली. दुसरे चित्तप्रसाद. जन्म १९१५, आडनाव भट्टाचार्य. पण जात दाखवणारे आडनाव नको म्हणून त्यांनी ते टाकून दिले आणि नुसते चित्तप्रसाद झाले. कलाशाळेत रीतसर शिक्षण नाही. कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव फिरले आणि जे दिसले ते शाईने काढत गेले. पोट खपाटीला गेलेली मुले, ओसाड झोपड्या, प्रेतांजवळची कुत्री. चित्राबरोबर ते माणसाचे नाव लिहीत, गाव लिहीत, त्याच्याकडे किती जमीन होती आणि ती कशी गेली हे लिहीत. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. लाखाच्या आकड्यात माणूस हरवतो. नाव-गाव लिहिले की तो पुन्हा एक माणूस होतो.

या चित्रांचे आणि मजकुराचे 'हंग्री बेंगॉल' हे छोटे पुस्तक निघाले. पाच हजार प्रती छापल्या होत्या. इंग्रज सरकारने त्या जप्त करून नष्ट केल्या. एक प्रत चित्तप्रसादांच्या कुटुंबात राहिली, बँकेच्या तिजोरीत ठेवलेली. तिच्यावरून २०११ साली दिल्ली आर्ट गॅलरीने हे पुस्तक पुन्हा छापले. ज्यांनी पाच हजार प्रती जाळल्या त्यांना चित्रातली कला कळत होती असे नव्हे. त्यांना साक्षीदार नको होता.

चित्तप्रसाद पुढे मुंबईला आले आणि अंधेरीला एका लहानशा जागेत आयुष्याची बहुतेक वर्षे त्यांनी काढली. आपल्यापैकी फार थोड्यांना हे माहीत असेल, मलाही नव्हते. पैसा नव्हता, नाव फारसे नव्हते. लिनोलियमच्या तुकड्यांवर ते ठसे कोरीत राहिले. राबणाऱ्या मुलांवरची त्यांची एक लिनो मालिका आहे. परीकथा न मिळालेले देवदूत, असा तिच्या नावाचा अर्थ होतो. ओझी वाहणारी, बूट पॉलिश करणारी, धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुले. १९६९ साली ती डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने पुस्तकरूपाने काढली. १९७८ साली कलकत्त्याला त्यांचे निधन झाले. त्यांचे सगळेच मला आवडते असे नाही. त्यांनी केलेल्या काही भित्तिपत्रकांत आवळलेल्या मुठी आणि ढेरपोटे शेठ दिसतात, आणि ती पाहून माझ्या मनात काहीच हलत नाही. तिथे चित्रकार ओरडतो आहे. मेदिनीपूरच्या चित्रांत तो गप्प बसून पाहतो आहे.

दिवाळीच्या सुट्टीत ही चित्रे मी आजीला दाखवली. तिला वाचता येत नाही आणि बंगाल कुठे आहे हेही तिला ठाऊक नाही. कुशीत पोर घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका बाईचे चित्र तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ही बहात्तरची का?" मी म्हणाले, नाही, त्याच्याही आधीची, लांबची. "मंग खडीवर आशीच बसायची की आम्ही," ती म्हणाली.

१९७२ च्या दुष्काळात आजीचे लग्न नुकते झाले होते. सकाळपासून खडी फोडायची, सुकडी खायची, आठवड्याला पगार घ्यायचा आणि रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी आणायची, हे मी तिच्याकडून लहानपणापासून ऐकले आहे. त्या दिवशी मी तिला केथेच्या चित्राचे नाव सांगितले. बियाणे दळायचे नसते. ती एकदम म्हणाली, "आम्ही दळलं होतं की."

ही गोष्ट तिने पूर्वी कधी सांगितली नव्हती. उतरंडीतल्या खालच्या मडक्यात राखेत घालून ठेवलेली शाळूची बी होती. सासू उशाशी काठी घेऊन झोपायची, कुणी हात लावू नये म्हणून. मग धाकटा दीर आजारी पडला आणि त्याला मिलोची भाकरी पचेना. एका रात्री सासूनेच जाते मांडले. दीर जगला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, सगळ्यांची रानं पेरली गेली आणि आमच्या घरात बी नव्हती. ती दिढीने आणली, एकाचे दीड परत करायचे. ते एकदा फिटले नाही, दुसऱ्यांदा फिटले नाही. आजी म्हणाली, "तिथनं रान सुटाय लागलं, ते सुटलंच." अण्णा तेव्हा जन्मालाही आले नव्हते. मोठे झाल्यावर त्यांनी हातात ब्रश धरला, कारण धरायला दुसरे काही उरले नव्हते. ते ओसरीवर बसून हे सगळे ऐकत होते. त्या वर्षीचा आमच्या घरात एक फोटो नाही, एक कागद नाही. मी वहीत लिहून घेतले: दिराचे नाव, सासूचे नाव, बी किती होती ते, आणि ज्याच्याकडून आणली त्याचेही.

मग अण्णांनी मोबाइल मागून घेतला आणि केथेचे ते चित्र पाहिले. "एकच काळा," ते म्हणाले, "पर एका काळ्यात केवढं काम केलंय बाईनं." हात कसे काढलेत ते त्यांनी मला दाखवले. मुलांवरचे ते दंड बाईच्या अंगाच्या मानाने मोठे आहेत, मुद्दाम मोठे ठेवले आहेत. मला हे दिसलेच नव्हते. लढाई थांबली का, हे त्यांनी पुन्हा विचारले नाही.

आजीने शेवटी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. आईच्या दंडाखालून एक पोरगा बाहेर डोकावतो आहे, बाकीच्यांसारखा घाबरलेला नाही, चेहऱ्यावर पळून जायची घाई. आजीने नेमके त्याच्यावर बोट ठेवले.

"ह्याला आवर म्हणावं तिला," ती म्हणाली. "ह्यो पळतोय बघ."